मुलामा दिलेली नाणी आणि त्यांची किंमत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राणीछाप रुपयापासून कमळाच्या वीस पैशांपर्यंत, नाण्यावर चढवलेल्या सोन्या-चांदीच्या पाण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे राणीछाप रुपया आहे. त्याला सोन्याचं पाणी चढवून घेतलं तर किंमत वाढेल का?

नाही, कमी होईल. सहज मिळणारा व्हिक्टोरियाचा किंवा पंचम जॉर्जचा रुपया मुलामा दिला की जवळपास चांदीच्या भावावर येतो. तो दिसतो छान, चौकटीत घालून भेट द्यायलाही बरा वाटतो, पण ती शोभेच्या वस्तूची किंमत झाली. नाणं म्हणून विकायला निघालात की समोरचा संग्राहक पहिल्या नजरेत ते बाजूला ठेवतो.

२. पण वर खरं सोनं आहे ना? त्याचे तरी पैसे मिळतील?

हिशोबच करू. ब्रिटिशकालीन रुपयाचा व्यास सुमारे ३०.५ मिलिमीटर. दोन्ही बाजू आणि कड धरून साधारण साडेसोळा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होतो. साध्या मुलाम्याचा थर ०.१ मायक्रॉन धरला तर सोनं भरतं जेमतेम ३ मिलिग्रॅम. अगदी जाड, १ मायक्रॉनचा थर दिला तरी ३२ मिलिग्रॅमच्या आसपास. मोडीत घेताना कुठलाही सोनार याचे पैसे धरत नाही.

आतल्या धातूचा हिशोब मात्र पक्का ठेवा. १८३५ पासूनचा प्रमाणित रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोब्बर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. झीज नसेल तर शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. तो 'चांदीचा' म्हणून विकणारे आजही भेटतात. खिशातलं लोहचुंबक काढलं की विषय संपतो, कारण निकेल चुंबकाला चिकटतं.

३. थर इतका पातळ आहे, तर संग्राहक एवढं नाक का मुरडतात?

कारण खरं नुकसान त्या थराने होत नाही, थर देण्याआधी होतं.

टाकसाळीत ठसा जोराने आदळतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उठतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की प्रकाशाचा एक पट्टा गोल फिरताना दिसतो, तो या रेषांमुळे. संग्राहक ज्या चकाकीचे जादा पैसे मोजतात ती हीच. पॉलिशची चमक वेगळी. ती आरशासारखी असते, पट्टा फिरत नाही.

आता मुलामा देणाऱ्याच्या दुकानात काय होतं ते बघा. नाण्याला आधी बफ मारतात, म्हणजे फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करतात. मग आम्लात बुडवून काळपटपणा काढतात, तेलकटपणा घालवतात, बऱ्याचदा तांब्याचा किंवा निकेलचा अस्तराचा थर देतात आणि शेवटी सोन्याच्या द्रावणात वीज सोडतात. त्या सूक्ष्म रेषा पहिल्याच पायरीवर गेल्या. राणीच्या केसांच्या बटा आणि मुकुटावरची नक्षी बोथट झाली. ऐंशी-शंभर वर्षांत चांदीवर जमलेली राखाडी-निळसर झाक आम्लात उतरली. सोनं चढलं ते या सगळ्यानंतर.

दुसरी गोष्ट संशयाची. मुलाम्याखाली काहीही लपतं. माळेत ओवण्यासाठी नाका लावलेला होता आणि काढला, भोक होतं आणि बुजवलं, सालाचा एखादा आकडा कोरून बदलला. वर एकसारखा पिवळा थर आला की यातलं काही दिसत नाही. त्यामुळे तुमचं नाणं प्रामाणिक असलं तरी गिऱ्हाईक त्या शंकेचेही पैसे कापतं. त्याला दोष देता येत नाही.

४. नाण्याला मुलामा दिलाय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

आधी कड बघा, चेहरा नंतर. नाणं हाताळताना बोटं कडेला लागतात, म्हणून थर तिथे आधी झिजतो. कडेच्या खाचांच्या माथ्यावर पांढरा धातू आणि खाचेच्या तळाशी पिवळा असं दिसलं तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. मग उंचवटे तपासा : राणीचा गाल, कानावरचे केस, राजाच्या मुकुटाचा वरचा भाग. रंग तिथेही फाटतो.

न झिजलेला ताजा मुलामा ओळखणं जरा अवघड. दहापट भिंगाखाली अक्षरांच्या पायथ्याशी बघा. ठशातून उठलेलं अक्षर नाण्याच्या सपाट भागातून काटकोनात वर येतं. मुलाम्याखाली ते काठ गोलसर, साय धरल्यासारखे दिसतात. कधी बारीक फोड दिसतात, कधी अस्तर न देता चांदीवर थेट सोनं चढवलेलं असेल तर खालून काळे ठिपके वर आलेले असतात. आणि झिजलेलं नाणं सगळीकडे सारखंच झगझगीत असेल तर तेवढ्यावरूनच सावध व्हा. झीज आणि झगमगाट एकत्र नांदत नाहीत.

वजनावरून मुलामा कळत नाही. ३ मिलिग्रॅम घरगुती काट्यावर दिसतच नाहीत. वजन उपयोगी पडतं ते आतला धातू ओळखायला, त्यासाठी प्रश्न ५. रुपया फरशीवर टाकून आवाज ऐकायची जुनी पद्धत मात्र सोडा. आत चांदी असेल तर मुलाम्याचा रुपयाही खणखणीत वाजतो, आणि कडेला पोचा पडतो तो तुमच्या खर्चाने.

५. आत चांदी आहे की नुसतं वर पाणी दिलंय, हे नाणं न घासता कळेल का?

कळतं, आणि त्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा पुरतो. आधी कोरडं नाणं तोला. मग पाण्याचा लहान ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाण्याला दोरा बांधून ते पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं धरा. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. आलेली संख्या म्हणजे धातूची घनता.

९१.७ टक्के चांदीची घनता १०.३ च्या आसपास येते, निम्म्या चांदीच्या रुपयाची साडेनऊ, तांब्याची नऊच्या जरा खाली, जर्मन सिल्व्हरची ८.७ आणि पितळेची साडेआठच्या जवळ. समजा रुपया ११.६० ग्रॅम भरला. पाण्यात काट्याने १.१३ दाखवलं तर चांदी ठीक आहे. १.३३ दाखवलं तर ते जर्मन सिल्व्हर आहे, आणि नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदीचा कणही नसतो. दोऱ्याच्या गाठीत किंवा नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर आकडा चुकतो, म्हणून दोन-तीनदा करून बघा.

गिन्नीच्या बाबतीत हा फरक आणखी ढळढळीत होतो. खरी गिन्नी ७.९८ ग्रॅमची आणि २२ मिलिमीटर व्यासाची. त्याच मापाच्या पितळी तुकड्यावर सोन्याचं पाणी दिलं तर तो चार ग्रॅमही भरत नाही. वजन भरावं म्हणून जाड केला तर गिन्नीसाठी बनवलेल्या डबीत बसत नाही.

६. सोनाराकडे कस लावून किंवा कॅरेटोमीटरवर तपासून घेऊ का?

कसोटीच्या दगडावर नाणं घासलं जातं आणि ओरखडा कायमचा राहतो. संग्रहाच्या नाण्याला कस लावू देऊ नका. कॅरेटोमीटर नाण्याला इजा करत नाही, पण ते यंत्र फक्त वरचा पातळ भाग वाचतं. मुलामा असेल तर वरचा थर आणि खालचा धातू यांची सरमिसळ दाखवतं. त्या आकड्याला प्रश्न ५ मधल्या घनतेची जोड द्या. दोन्ही जुळले नाहीत तर उत्तर मिळालं.

७. चढवलेला मुलामा काढला तर मूळ किंमत परत येईल?

येणार नाही. मुलामा निघतो, पण बफखाली गेलेल्या रेषा परत येत नाहीत. हाती येतं ते घासलेलं, बोडकं नाणं, आणि जाणकाराला ते मुलाम्याइतकंच खटकतं. शिवाय सोनं विरघळवणारी रसायनं, म्हणजे सायनाइडची द्रावणं किंवा अम्लराज, घरात आणायच्या लायकीची नाहीत. नुसत्या नायट्रिक आम्लात टाकाल तर सोनं जागेवर राहील आणि खालची चांदीच खाल्ली जाईल. हा प्रयोग करू का, असं विचारणारे बरेच असतात. करू नका.

रिठा, चिंच, लिंबू, टूथपेस्ट याने थर हळूहळू निघेल असं काही जण सांगतात. त्याने फक्त ओरखडे वाढतात.

८. आजीच्या गळ्यातल्या माळेत नाके लावलेले, सोन्याचं पाणी दिलेले रुपये आहेत. सुटे करून विकावेत का?

सुटे करू नका. नाका लावताना कडेला डाख दिलेला असतो. नाका काढला की तिथे खूण राहते आणि वर मुलामा आहेच, म्हणजे नाणं म्हणून किंमत दोन्हीकडून गेली. अख्खी माळ मात्र जुना दागिना आहे. तिला घेणारा वेगळा असतो आणि तो गुंफण, नाक्यांची घडण, रुपयांची संख्या बघतो. एकदा सुटी केलेली माळ पुन्हा जुनी होत नाही.

फक्त विकण्याआधी प्रत्येक रुपयाचं साल आणि राजा वाचून घ्या. माळेत चुकून दुर्मीळ साल ओवलेलं असू शकतं (प्रश्न १०).

९. शिवराईला चांदीचं किंवा सोन्याचं पाणी देऊन लॉकेट केलंय. आणि एकाने 'शिवकालीन होन' दाखवला, तो घ्यावा का?

शिवराई दीर्घकाळ पाडली गेली, पेशवाईतही आणि नंतरही चालली, त्यामुळे झिजलेल्या, अर्धवट ठशाच्या दुदांडी (दोन आडव्या रेषांच्या) शिवराया आजही स्वस्तात मिळतात. अशीला पाणी दिलं तर पैशांत फारसं नुकसान नाही. हळहळ वाटते ती चांगल्या ठशाच्या, 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' पूर्ण वाचता येणाऱ्या नाण्याची. तांब्यावर शतकांनी धरलेला गडद तपकिरी किंवा हिरवट थर हा तिच्या वयाचा दाखला असतो. मुलामा देताना तोच आधी खरवडून काढतात. लॉकेट हवंच असेल तर नव्याने बनवलेली प्रतिकृती घ्या, ती कुठल्याही गडाच्या पायथ्याशी मिळते.

होनाबद्दल : शिवछत्रपतींचा अस्सल सोन्याचा होन अत्यंत दुर्मीळ आहे. तो आकाराने अगदी लहान आणि जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा. सोन्याचं पाणी दिलेल्या पितळी प्रतिकृती मात्र भरपूर आहेत. तेवढ्याच मापाचं पितळ सोन्याच्या निम्मंही भरत नाही, आणि शिवराईच पिवळी करून होन म्हणून दाखवत असतील तर ती मुळात कितीतरी मोठी आणि जड असते. 'घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे' हा पुरावा नव्हे. पाण्यात तोलून बघा.

१०. माझा रुपया १९११ चा आहे, म्हणजे 'डुकराचा'. मुलामा दिलेला असला तरी दुर्मीळ आहे ना?

१९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, उरलेले रुपये थांबवून वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. म्हणून १९११ ला मागणी आहे.

अडचण अशी की सगळी गंमत त्या तांदळाएवढ्या हत्तीत आहे. सोंड आखूड आणि पाय खुजे, हे बारीक तपशील ओळखू आले तरच नाण्याला किंमत. बफ आणि मुलामा या दोहोंत नेमका तोच भाग पुसतो. साल वाचता येतं म्हणून १९११ ला काहीतरी जादा मिळेल, पण न छेडलेल्या नाण्याच्या जवळपासही नाही.

नियम म्हणून सांगायचं तर साल जितकं दुर्मीळ तितका मुलाम्यानंतरही काही भाव टिकतो, आणि तितकीच तपासणीही कडक होते. १९३९ चा रुपया मुलाम्यासकट कोणी पुढे केला तर माझी पहिली शंका शेवटच्या ९ वर असते. १९३८ चं साल खोदून बदललं आणि वर पाणी दिलं, असं तर नाही?

११. लक्ष्मीपूजनाला बाजारातून 'जुना राणीछाप' घेतला, तो एकदम पांढराशुभ्र आहे. खरा असेल?

बहुतेक नवीन बनावटीचा असेल. दिवाळीच्या तोंडावर जर्मन सिल्व्हर किंवा पितळेवर चांदीचं पाणी दिलेले 'जुने' रुपये सर्रास विकले जातात. ठसा फुगीर असतो, राणीचा चेहरा लहान मुलीसारखा दिसतो, कडेच्या खाचा वाकड्यातिकड्या असतात. प्रश्न ५ ची चाचणी करा. पूजेला तो चालेल, चांदीच्या भावाने मात्र घेऊ नका.

१२. १८१८ चं, रामदरबार असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं लाखोंना जातं म्हणतात. माझ्याकडच्यावर सोनेरी मुलामाही आहे.

ती नंतरच्या काळात बनवलेली मुद्रा आहे, कंपनीच्या टाकसाळीत असं नाणं पाडलं गेलं नाही. १६१६, १७१७ अशी सालं घातलेले तिचे भाऊबंदही आहेत. कंपनीने मद्रासकडे देवतांची चित्रं असलेले पॅगोडा पाडले, पण ते वेगळे, लहान आणि सोन्याचे. तुमच्याकडच्या मुद्रेवर मुलामा असला काय, नसला काय, किंमत तीच.

१३. वीस पैशांचं कमळ सोनेरी आहे, त्यात सोनं आहे का? की मुलामा आहे?

दोन्ही नाही. तो पितळी जातीच्या मिश्रधातूचा नैसर्गिक रंग आहे. तो आतपर्यंत तसाच असतो, म्हणून झिजलेल्या नाण्यावरही पांढरा धातू दिसत नाही. आजच्या पिवळ्या पाच रुपयांचंही तेच. उलट हे नाणं पॉलिश करून 'सोन्याचं' म्हणून खपवतात, आणि पॉलिशने त्याची जी थोडीफार किंमत होती तीही जाते.

१४. अशी कुठली नाणी आहेत का, ज्यांची किंमत मुलाम्यामुळे वाढते?

आहेत, आणि हा विषयाचा सगळ्यात मजेदार भाग. कसोटी एकच : मुलामा कोणी, कधी आणि कशासाठी दिला?

टाकसाळीनेच दिला असेल तर तो नाण्याचा भाग. इंग्लंडमध्ये मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टाकसाळीत कंपनीसाठी मुंबई आणि मद्रासची तांब्याची नाणी पाडली गेली. त्यांच्या काही खास नमुना प्रती सोनेरी मुलाम्याच्या काढल्या होत्या. मद्रासचं १८०३ चं वीस कॅशचं (कॅश हे तिकडचं छोटं चलन) मुलाम्याचं नाणं हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. लिलावात अशा प्रती साध्या तांब्याच्या प्रतीपेक्षा किती तरी चढ्या जातात. पण त्या आधी घासलेल्या नसतात. ठसा धारदार, अक्षरांचे कोपरे करकरीत. गल्लीतला मुलामा दिलेली झिजलेली वीस कॅश आणि ही, शेजारी ठेवल्या की नवख्यालाही फरक कळतो.

दुसरा प्रकार जुन्या लबाडीचा. मूळ काळातच फसवण्यासाठी बनवलेलं मुलाम्याचं नाणं आज इतिहासाचा पुरावा ठरतं. तांब्याच्या गाभ्यावर चांदी चढवलेली आहत (म्हणजे ठसे मारलेली प्राचीन) नाणी आपल्याकडे सापडतात, तशीच रोमन दिनारही. अभ्यासक ती मुद्दाम जमवतात. अमेरिकेतला किस्सा तर गाजलेला. १८८३ च्या पाच सेंटच्या निकेल नाण्यावर मागे फक्त रोमन पाचाचा आकडा होता, 'सेंट' हा शब्दच नव्हता. आकार पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्याच्या जवळ. लोकांनी त्याला सोन्याचं पाणी दिलं आणि पाच डॉलर म्हणून चालवलं. त्याच वर्षी 'सेंट' शब्द घालावा लागला. त्या काळातली ती मुलाम्याची नाणी आज संग्राहक हौसेने घेतात, फक्त मुलामा तेव्हाचाच आहे हे सिद्ध करणं कठीण.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थसारख्या टाकसाळी आज चांदीच्या नाण्यांवर स्वतः सोनेरी भाग काढून विकतात. तो मुलामा मूळचा आहे. तेच काम बाहेरच्या कोणी केलं असेल तर उत्तर प्रश्न १ चं.

१५. अमेरिकेतून भाच्याने आणलेला एक सेंट पांढरा आहे. त्यावर तांब्याचा थर द्यायचा राहिला म्हणे. हे महाग असतं का?

असू शकतं. १९८२ च्या मध्यापासूनचा अमेरिकी सेंट जस्ताचा आहे, वर तांब्याचा पातळ थर. थर न चढता सुटलेली नाणी 'चूक नाणी' म्हणून जमवली जातात. पण आम्लात बुडवून तांबं उतरवणं अगदी सोपं आहे आणि बहुतेक पांढरे सेंट तसेच झालेले असतात. खऱ्यावर टाकसाळीची चकाकी असते. आम्ल लागलेलं नाणं मंद आणि खडबडीत निघतं.

१९४३ चा असेल तर पांढरा असणंच स्वाभाविक आहे, कारण युद्धामुळे त्या वर्षी जस्त चढवलेल्या पोलादाचे सेंट पाडले. तिथे दुर्मीळ आहे तो चुकून काश्याच्या चकतीवर पाडला गेलेला तांबूस सेंट. म्हणून पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन फसवलं जातं. चुंबकाला चिकटला तर परत करा.

१६. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांकडे पाठवलं तर मुलाम्याच्या नाण्याला दर्जा मिळतो का?

आकड्यातला दर्जा मिळत नाही. नाणं अस्सल असल्याचं सांगून, 'डिटेल्स' असा शेरा आणि दोष लिहून ते परत येतं. साध्या सालाच्या रुपयासाठी पाठवणी आणि शुल्क यांचा खर्च नाण्यापेक्षा जास्त होईल. प्रश्न १४ मधल्यासारखं काही हाती असेल तरच विचार करा.

१७. नाण्याला मुलामा देणं गुन्हा आहे का?

घरी ठेवायला जुन्या रुपयाला पाणी देणं वेगळं आणि एका नाण्याचं रूप बदलून ते दुसरं म्हणून चालवणं वेगळं. दुसरा प्रकार गुन्हा आहे. चलनात असलेली नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं यालाही २०११ च्या नाणे कायद्यात बंदी आहे. विकताना मुलामा लपवून 'सोन्याचं' म्हटलं तर ती सरळ फसवणूक.

१८. मुलाम्याचं नाणं विकायचंच आहे. कसं विकू?

आधी सांगून टाका. वर्णनात 'मुलामा दिलेले' हा शब्द पहिल्या ओळीत, आणि फोटो तीन : दोन्ही बाजू आणि कड. कोरडं वजन आणि पाण्यातला आकडा लिहिलात तर निम्मे प्रश्न येतच नाहीत. किंमत चांदीच्या भावापासून सुरू करा, दुर्मीळ साल असेल तर थोडं वर.

तुमच्या नाण्याला लाखो देतो, आधी नोंदणी शुल्क किंवा कर भरा, असं म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. अशा जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. तिथे नाण्यावर मुलामा आहे की नाही हे कोणी विचारतच नाही.